न मळलेली जर्सी

"राईट बॅक ना रे तू?" गिअर बदलता बदलता शेखरनं सहज विचारलं आणि जीवननं चमकून त्याच्याकडे पाहिलं. गंगापूर रोडवर दुपारचं लख्ख ऊन होतं, पुढं टोमॅटोचे क्रेट भरलेला एक टेम्पो रेंगाळत चालला होता, शेखर त्याच्यावर हॉर्न मारत होता आणि उत्तराची त्याला काही घाईही नव्हती. कॉलेजची तीन वर्षं हा माणूस आपल्या उजव्या हाताला उभा होता. फुटबॉलची मॅच चालू असताना हात लांब केला तर खांद्याला लागेल इतक्या जवळ. पावसात, धुळीत, देवळाली कॅम्पातल्या त्या दगडासारख्या कडक मैदानावर. "लेफ्ट," जीवन म्हणाला. "हां, लेफ्ट, लेफ्ट. तेच ते," शेखर म्हणाला आणि टेम्पोला डावीकडून घालून गाडी पुढं काढली. तेच ते कसं असेल? मेथी सांगितली आणि शेपू आणला तर बायको पिशवी दारातच परत करते, तिथं कुणी तेच ते म्हणत नाही. पण जीवन हसला. हसण्याची त्याला सवय होती. दुकानात दिवसभर माणसं येतात, लग्नाच्या हाराला आलेला माणूस मयताच्या हाराचे भाव विचारून जातो, सगळ्यांशी हसावंच लागतं. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि छातीत कुठंतरी एक बारीकसा काटा मोडल्यासारखं त्याला वाटत राहिलं.

सकाळी शेखर दुकानात आला तेव्हा किती आनंद झाला होता. निशिगंधाच्या जुड्या पाण्यात ठेवता ठेवता जीवननं वर पाहिलं तर समोर हा, पोट सुटलेला, गॉगल कपाळावर चढवलेला, आणि चाल तीच. चालीवरून आधी ओळखलं, चेहऱ्यावरून मग. "अरे माळ्या!" शेखर ओरडला होता आणि जीवनला त्याच्या ओल्या हातांसकट मिठी मारली होती. जीवनच्या बायकोनं, छायानं, चहा आणला. छायाला त्यानं सांगितलं की मुंबईची कंपनी त्याला आता टीमसाठी पोरं बघायला पाठवते, कोल्हापूर झालं, नागपूर झालं, आज नाशिक. "एकच जागा आहे वहिनी. डिफेन्सला. आज एकाला उचलायचं आणि जायचं. पूर्वीसारखी नोकरी नाही देत हल्ली, करार असतो, पण पोराचं आयुष्य मार्गी लागतं." मग जीवनकडे वळून तो म्हणाला, "चल की. दोन कॉलेजच्या टीम आहेत. तुला कळतं त्यातलं." तुला कळतं त्यातलं. हे वाक्य जीवननं सकाळपासून खिशात चिल्लर चाचपावी तसं मनात चाचपून पाहिलं होतं. दहा वर्षांत त्याला असं कुणी म्हणालं नव्हतं. दुकान छायाच्या ताब्यात देऊन, दुसरा शर्ट घालून तो निघाला, तेव्हा छाया म्हणाली, "मॅच बघायला चाललात का वर बघायला?" आणि आता गाडीत कळत होतं की शेखरला त्याची जागाच आठवत नाही. मग काय कळतं म्हणून बोलावलं यानं आपल्याला? सोबतीला बोलावलं असेल. एकट्यानं मॅच बघायला कंटाळा येतो माणसाला.

मैदानाच्या एका कडेला मांडव टाकला होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, जिमखान्याचे सर पुढं होऊन शेखरला पहिल्या रांगेत घेऊन गेले. जीवनलाही शेजारची खुर्ची मिळाली. परवा रात्री पाऊस झाला होता. मैदान वरून सुकलेलं दिसत होतं, पण मधल्या भागात पाणी मुरलं नव्हतं, तिथं पोरांचे पाय पडले की काळी माती वर येत होती. त्या मातीचा वास आला आणि जीवनला मळा आठवला, मखमलाबादचा, झेंडूचा आणि कोथिंबिरीचा, विहिरीवरची मोटर चालू झाल्यावर पाटानं येणारं पाणी. दारं धरायला वडील, म्हणजे अण्णा, त्याला लहानपणापासून बसवायचे. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं, बास, एवढंच काम. बघणाऱ्याला वाटतं पोरगं नुसतं उभं आहे. पण पाणी मोठं लबाड असतं. त्याच्या मागं धावलं की ते आधीच पुढं गेलेलं असतं, बांध फोडून भलतीकडे शिरलेलं असतं, मग चिखलात गुडघे टेकून हातानं माती ओढत बसा. म्हणून पाणी यायच्या आधी जायचं. ते कुठं वळणार ते त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं आणि खोऱ्यानं एक ढेकूळ आधीच तिथं ठेवून द्यायचं. पाणी येतं, ढेकळाला टेकतं, आणि जणू स्वतःच्या मनानं दुसरीकडे निघून जातं. अण्णा लांबून ओरडायचे, "पाय किती मळले दाखव!" मळलेले पाय दिसले की समजायचं, पोराचं ध्यान नव्हतं. हे अण्णांचं शिक्षण. कोंडाजी माळ्याच्या मळ्यात ज्याचे पाय कोरडे तो हुशार, आणि ज्याचा लेंगा चिखलानं भरला त्याला बोलणी. जीवनचे पाय कोरडे असायचे, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

कॉलेजात आल्यावर त्याच्या लक्षात आलं की फुटबॉल म्हणजेही दारं धरणंच आहे. कुणी शिकवलं नाही त्याला हे. पहिल्याच आठवड्यात कळलं. समोरचा विंगर बॉल मागतो, मधला माणूस मान वर करून बघतो, आणि त्या मान वर करण्याच्या क्षणात जीवन तिथं जाऊन उभा राहिलेला असायचा, जिथं बॉल पडणार होता तिथं. मधल्या माणसाला वाट दिसायची नाही. तो दुसरीकडे द्यायचा. बस. काहीच घडायचं नाही. जीवनच्या बाजूला कधी काही घडायचंच नाही आणि त्या न घडण्यात त्याला इतका आनंद व्हायचा की कधीकधी एकटाच हसायचा मैदानात, आणि गोलकीपर विचारायचा, काय रे, येडा झाला का? कधी एखादा विंगर बॉल घेऊन आलाच तर जीवन त्याच्यावर धावून जायचा नाही. बाहेरच्या अंगाला थोडा सरकायचा, बाहेरची वाट बंद, मधली उघडी. विंगर हुशारीनं मध्ये वळायचा. आणि मध्ये शेखर. निफाडच्या द्राक्षवाल्यांचा पोरगा, बैलासारखा ताकदीचा, मान खाली घालून धावत येणारा. धडाम! बॉल एकीकडे, विंगर दुसरीकडे, शेखर चिखलात लोळण घेऊन उभा राहायचा आणि बाहेर बसलेली पोरं शिट्ट्या मारायची. जीवनही टाळ्या वाजवायचा. मनापासून वाजवायचा. आपण वळवलेलं पाणी बरोबर वाफ्यात शिरलं की बरं वाटतंच ना. ते पाणी कुणी वळवलं हे शेखरला ठाऊक आहे असंच तो धरून चालला होता. इतक्या जवळ उभ्या असलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल असं मनात तरी कसं यावं?

शिट्टी झाली. शेखरनं गॉगल डोळ्यांवर घेतला आणि पाय लांब केले. पहिली काही मिनिटं जीवननं नुसता बॉल बघितला, सगळे बघतात तसा. मग त्याच्या लक्षात आलं की बॉल सारखा पलीकडच्या बाजूला चाललाय. अलीकडची बाजू, मांडवासमोरची, रिकामीच. निळ्या टीमला उजवीकडून काही जमतच नाही. त्यांचा उजवा विंगर हात वर करून ओरडत होता, "दे ना! इकडं दे!" आणि देणारा मान वर करायचा, बघायचा, आणि पलीकडे द्यायचा. जीवन खुर्चीत पुढं सरकला. पांढऱ्या जर्सीतला, तीन नंबरचा पोरगा. सडपातळ, सावळा, गुडघ्यापर्यंत मोजे ओढलेले. तो चालत होता. मॅच चालू असताना चक्क चालत होता, दोन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे, शेतात काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखा. आणि प्रत्येक वेळी देणाऱ्यानं मान वर केली की तो तिथं. जीवनच्या अंगावर काटा आला.  त्याला स्वतःचं खेळणं कधी बघायला मिळालं नव्हतं, आपल्याला आपलं खेळणं दिसत नाही. आणि आता या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, दहा वर्षांनी, ते त्याला दिसत होतं. असं दिसतं होय हे? किती सुंदर आहे! आणि किती कमी दिसतं! शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून सांगावं तर काय सांगणार, बघा बघा, तिथं काहीच होत नाहीये? "तो तीन नंबर कोण हो, सर?" त्यानं जिमखान्याच्या सरांना विचारलं. "रोहिदास. घोटीचा आहे. रोज सकाळच्या गाडीनं येतो. चांगला पोरगा आहे, शांत," सर म्हणाले. आणि थोडं थांबून, "शेवटचं वर्ष आहे त्याचं."

घोटीचा म्हणजे भाताच्या खाचरातला. तिथंही पाणीच. याला कुणी बसवलं असेल बांधावर, आणि काय म्हणून ओरडलं असेल लांबून? जीवनला त्या पोराशी एकदम इतकं सख्य वाटलं की त्याचं त्यालाच हसू आलं. त्यानं शेखरकडे पाहिलं. शेखर पाच नंबरकडे बघत होता. पाच नंबर, पांढऱ्या टीमचा मधला स्टॉपर, आत्ताच घसरत जाऊन बॉल काढून उठला होता, पाठ, मांडी, कान, सगळं चिखलानं भरलेलं, आणि मांडवात टाळ्या पडत होत्या. "जिगर आहे," शेखर म्हणाला. बॉल त्याच्याकडे कुठून आला ते जीवननं पाहिलं होतं. तीन नंबर बाहेरच्या अंगाला सरकला होता. थोडासाच. पुढं काय होणार ते जीवनला दिसायला लागलं होतं.

त्या वर्षीही असाच सप्टेंबर होता. शहाण्णव साल. झोनची मॅच, मुंबईहून कंपनीचे सिलेक्टर आलेले, पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. सगळ्या कॉलेजात बोलबाला होता की आज एखाद्याचं नशीब उघडणार. जीवन पहाटे झेंडू तोडून, अण्णांबरोबर फुलबाजारात पाट्या उतरवून मग मैदानावर आला होता. हाताला झेंडूचा वास तसाच होता. आणि तो खेळला. आयुष्यात इतका चांगला तो कधी खेळला नव्हता. समोरचा विंगर विद्यापीठाच्या टीममधला, नावाजलेला, त्याला आख्ख्या मॅचमध्ये धड बॉल मिळाला नाही, शेवटी वैतागून तो दुसऱ्या बाजूला जाऊन खेळायला लागला. मॅच जिंकली. सिलेक्टरनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. चिखलानं भरलेली पोरं, कुणाचं नाक फुटलेलं, कुणाचा गुडघा सोललेला, आणि शेखर तर ओळखू येत नव्हता. ओळीनं येता येता ते जीवनसमोर थांबले. त्याच्या जर्सीकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती पांढरीच होती. "तू एक्स्ट्रा का रे?" त्यांनी विचारलं. दुष्टपणानं नाही, सहज विचारलं. पोरं हसली. कुणीतरी मोठ्यानंच हसलं. आणि जीवन काही बोलला नाही.

का बोलला नाही, हा प्रश्न त्यानं स्वतःला दुकानात, मळ्यात, लग्नाच्या मांडवात फुलं बांधताना, अण्णांच्या दहाव्याला नदीवर उभं असताना, किती वेळा विचारला असेल. उत्तर त्याला माहीत होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. लहान असताना एकदा फुलबाजारात व्यापाऱ्यानं पाटीकडे बघून म्हटलं होतं, "काय कोंडाजी, कालचा माल का?" आणि जीवन पटकन बोलून गेला होता, "आजचीच हायेत, पहाटंच तोडली!" अण्णांनी त्याच्या दंडाला असा चिमटा घेतला होता की डोळ्यांत पाणी आलं. घरी जाताना सायकलवर पुढच्या नळीवर बसवून ते म्हणाले, "तू बोललास की तो पाटीत हात घालनार. तळातली चार मऊ फुलं काढून नाचवनार. आपन बोलायचं नाय. पाटी उघडी ठिवायची आन् बाजूला सरकायचं. माल चांगला आसंल तर त्याला डोळे हायेत." सगळे माळी असेच उभे राहायचे बाजारात. पाटी पुढं, माणूस बाजूला, नजर दुसरीकडे. जो बोलतो त्याचा माल शिळा, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. तेव्हा सिलेक्टरनी विचारलं, तू एक्स्ट्रा का रे, आणि जीवननं त्याला जे येत होतं ते केलं. तो अर्धं पाऊल बाजूला सरकला. नजर दुसरीकडे नेली. त्याला वाटलं, यांनी दीड तास पाहिलंय, यांना डोळे आहेत. सिलेक्टर मान डोलावून पुढं गेले आणि शेखरच्या चिखलानं भरलेल्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ये है लड़का!" बाजारात जे शहाणपण होतं ते मैदानावर किती खुळेपणाचं होतं! पण एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी माणसाजवळ दुसरं शहाणपण असतं तरी कुठलं? जे बापानं दिलं तेच. संध्याकाळी आईनं जर्सी धुवायला घेतली आणि उलटीसुलटी करून विचारलं, "आज बी खेळला नाय का रं?" आईचा हा नेहमीचा विनोद होता. त्या दिवशी तो गोठ्यात जाऊन रडला.

हाफटाइमला जिमखान्याच्या सरांनी सगळ्यांना चहा दिला. शेखर जुन्या गोष्टी काढून बसला. मुंबईत पहिल्या वर्षी काय दशा झाली ते सांगत होता. "आपल्याकडं कसं, बॉल घेऊन पोरं सरळ माझ्या अंगावर यायची. मी आहेच. तिथं साले कुठूनही यायचे. इकडून जायचे, तिकडून जायचे, मी आपला मध्ये भवऱ्यासारखा फिरतोय. दोन वर्षं बाहेर बसवलं मला, मग ऑफिसात खुर्ची दिली." तो हसला. सरही हसले. जीवनच्या हातातला कप तसाच राहिला. विचारावं का? आत्ता विचारलं नाही तर मरेपर्यंत विचारता येणार नाही. "शेखर," तो म्हणाला, आणि आपला आवाज त्याला परका वाटला, "आपल्याकडं सरळ तुझ्याच अंगावर का येत होते?" शेखरनं जरा विचार केला. खरंच केला, त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग तो म्हणाला, "नशीब यार. दुसरं काय?"

नशीब. जीवननं चहा पिऊन टाकला, तो गार झाला होता. शेखरचा राग यावा असं त्याला वाटत होतं आणि राग येत नव्हता. हा खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. दहा वर्षं जीवन एका साक्षीदाराच्या भरवशावर जगला होता. दुकानात फुलं निवडताना, वाईट दिवशी, गिऱ्हाईकानं तोंडावर हार फेकला त्या दिवशी, त्याला एक आधार असायचा की जगात निदान एक माणूस आहे, मुंबईत बसलेला, ज्याला आपण काय होतो ते ठाऊक आहे. तो माणूस इथं शेजारी बसून बिस्किट खातोय आणि नशीब म्हणतोय. सिलेक्टर तरी परका होता, लांब बसला होता. आणि मग जीवनच्या मनात आलं, तेही फार शांतपणे, की कदाचित नसेलच काही. आपण नुसते उभेच असू डाव्या बाजूला. बॉल आपोआप दुसरीकडे जात असेल. कुणीच पाहिलं नाही असं खेळणं आणि न खेळणं, यांत फरक काय राहतो? हा विचार त्याला सहन होईना. मॅच पुन्हा सुरू झाली आणि त्यानं अधाशासारखं तीन नंबरकडे पाहिलं, आणि ते तिथं होतं. पुन्हा तीच दोन पावलं, तीच मान वर, तोच निराश विंगर. आहे, हे आहे, हे खरं आहे. याच्यात असेल तर माझ्यातही होतं. आज हे शेखरला दिसलंच पाहिजे. आज बाजूला सरकायचं नाही.

"शेखर, तीन नंबर बघ."

"बघितला. काय?"

"तोच घे."

शेखरनं गॉगल वर केला. "तो? अरे तो तर आख्खी मॅच उभाय. त्याच्याकडं बॉल तरी आला का?"

"तेच म्हणतोय मी. येऊच देत नाही तो." आणि जीवन बोलायला लागला. आयुष्यात इतकं तो कधी बोलला नव्हता. तो बघ आता देणाऱ्याकडे बघतोय, बॉलकडे नाही. आता बघ, बाहेरची बाजू बंद केली, विंगर मध्ये वळणार, वळला! आता पाच नंबर घसरणार. बघ, घसरला. हा बॉल पाच नंबरनं काढला नाही शेखर, तीन नंबरनं काढला. याला पाच नंबरपासून काढून दुसऱ्या टीममध्ये टाक, पाच नंबर भवऱ्यासारखा फिरेल. हे बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पण शेखरच्या ते लक्षात आलं नाही. तो कौतुकानं जीवनकडे बघत होता, लहान मुलानं लांबलचक कविता म्हटल्यावर बघतात तसं. "तू पण ना माळ्या, भारी बोलायला लागलास," तो म्हणाला. मग जवळ वाकून, हलक्या आवाजात, अगदी मित्रासारखं म्हणाला, "हे बघ, तुझं असेलही बरोबर. पण मला सोमवारी साहेबांपुढं उभं राहायचंय. काय सांगू त्यांना? याच्याकडं बॉल येत नाही म्हणून याला घ्या? पाच नंबरचं मला सांगता येतं. इतके टॅकल, इतके हेडर. याचं काय सांगू, तूच सांग." जीवननं मैदानाकडे बोट केलं, तिथं तीन नंबर दोन पावलं चालून उभा होता.  शेखरनं बोटाच्या दिशेनं खरंच पाहिलं, आणि मग पाच नंबरकडे नजर वळवली.

मॅच संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. पांढरी टीम जिंकली. पाच नंबरला खांद्यावर घेऊन पोरं नाचत मांडवाकडे आली, जिमखान्याच्या सरांनी त्याला शेखरसमोर उभं केलं, शेखरनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःच्या हाताला लागलेला चिखल बघून हसला. सगळे हसले. पोराचे डोळे भरून आले होते. वाईट पोरगा नव्हता तो, जीव तोडून खेळला होता. जीवन तिथून उठला. त्याला कुणाशी बोलायचं नव्हतं, पण पाय गेले ते कोपऱ्यातल्या नळाकडे गेले, जिथं तीन नंबर एकटाच दगडावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. जवळून तो आणखी लहान दिसत होता. जर्सीवर एक डाग नव्हता. जीवनला बघून तो उठायला लागला. "बस, बस," जीवन म्हणाला.

"तुम्ही त्या मुंबईच्या सरांसंगं होते ना?" रोहिदासनं विचारलं. तो एकदम विचारायला धजावला नव्हता, आधी पाण्यानं तोंड धुतलं, मग विचारलं. "काय म्हनले का ते? माझं काय?"

काय सांगायचं याला? की तू जे करतोस ते जगात दोन माणसांना कळतं, एक तू आणि दुसरा मी, आणि दोघांचाही उपयोग नाही? फार चांगला खेळलास म्हणून सांगावं. ते खरंही आहे. मग हा सुखानं घोटीच्या गाडीत बसेल, आणि पुढच्या मॅचला पुन्हा असाच पांढरा शुभ्र उभा राहील, आणि शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या मॅचनंतर कुणीतरी विचारेल, तू एक्स्ट्रा का रे. जीवनला दिसलं ते सगळं, साखळीसारखं एकात एक अडकलेलं, दुकान, निशिगंधाच्या जुड्या, हसरा चेहरा, दहा वर्षं. नको. याच्या वाट्याला नको. याच्यासाठी काहीही करायला तो त्या क्षणी तयार होता, आणि करण्यासारखी एकच गोष्ट त्याच्या हातात होती.

"रोहिदास, अजून मॅच आहेत ना तुझ्या?"

"दोन हायेत. पुढच्या आठवड्यात."

"मग ऐक. पुढच्या मॅचला पड."

"पडू?"

"घसरून पड. टॅकल मार. चिखल लागू दे अंगाला. त्या विंगरला एकदा येऊ दे, बॉल घेऊन येऊ दे, आणि मग धावत जा त्याच्या मागं. लोकांना दिसलं पाहिजे."

रोहिदास त्याच्याकडे बघत राहिला. हा माणूस चेष्टा करतोय की काय ते तो चेहऱ्यावर शोधत होता. मग त्यानं फार अदबीनं, मोठ्या माणसाला समजावून सांगावं तसं सांगितलं, "पन सर, त्याला येऊ दिला तर तो जाईल ना. मी पडलो की मागं कोनीच नाय ऱ्हात."

हे वाक्य जीवनला इतकं ओळखीचं होतं की त्याचे ओठ आपोआप हलले. याच्या अंगात कुणीतरी मुरवलंय ते. कुठल्यातरी बांधावर बसवून. आणि आपण ते आता खणून काढायला निघालोय.

"जाऊ दे," तो म्हणाला. "एकदा गेला तर जाऊ दे."

स्वतःच्या तोंडातून आलेले हे शब्द ऐकून त्याला रडू फुटेल असं वाटलं, पण त्यानं ते आवरलं आणि हसून त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. मांडवाकडून शेखर गाडीचा हॉर्न वाजवत होता. रोहिदासनं मान हलवली, ती ऐकून घेतल्याची होती, पटल्याची नव्हती. त्यानं दोन्ही बुटांच्या नाड्या एकत्र बांधून बूट गळ्यात अडकवले, पिशवी उचलली, आणि जाता जाता, जीवनला वाईट वाटू नये म्हणून सांभाळून म्हणाला, "तुम्ही डिफेन्सला कधी खेळले नाय वाटतं, सर?"

"नाही," जीवन म्हणाला.

"तरीच," रोहिदास म्हणाला, आणि त्याची गाडी चुकेल म्हणून घाईनं स्टँडकडे निघून गेला.